आधी ताटं मोज

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही. दीड एकराचे साठ गुंठे आखून कुठे कुठली सेंद्रिय भाजी लावणार ते चार रंगांत दाखवलंयस. नकाशा सुरेख आहे. त्यात खाणारी माणसं तेवढी कुठे दिसली नाहीत.

मी वाईजवळ सुरुवात केली तेव्हा माझंही असंच होतं. ब्रोकोली आणि लाल कोबी लावला आणि पहाटे तीनला टेम्पोत भरून खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याला धाडला. डिझेल, हमाली आणि वाटेत मान टाकलेला माल वजा जाता काय उरायचं ते काकूला विचार, वही तिच्याकडे असायची. इकडे रानापासून तीन किलोमीटरवर, वाईच्या मंडईत, बायका परगावची फवारलेली भेंडी घेत होत्या.

म्हणून आधी ताटं मोज, वाफे मागाहून. जवळपासची चाळीस घरं हिंड. ‘सेंद्रिय भाजी घ्याल का?’ असं विचारू नकोस, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात कुठल्या कुठल्या भाज्या झाल्या?’ असं विचार आणि लिहून घे. मेथी, बटाटा, वांगी, पुन्हा मेथी असंच निघेल. मग मेथी एकदम पाच गुंठे पेरण्यात अर्थ नाही हे आपोआप कळतं. एका गुंठ्याचे चार वाफे कर, दर आठवड्याला एक पेर. चौथा पेरून होतो तोवर पहिला काढणीला आलेला असतो.

जीवामृत, दशपर्णी ही घरची खतं-औषधं तुला माझ्याहून जास्त पाठ आहेत, त्यात शिरत नाही. पहिल्या पावसाळ्यात निम्म्या रानात हिरवळीचं खत म्हणून ताग मात्र पेर आणि फुलावर यायला लागला की गाडून टाक. त्या निम्म्या रानाचं उत्पन्न बुडालं म्हणून रडू नकोस.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे भाजीची मागणी सणांवर चालते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे तुझ्या हातानं खणलेल्या वाफ्यातल्या अळू, माठ, पडवळ, भेंडीला त्या दिवशी मान. (ट्रॅक्टरनं नांगरलेलं चालतं का, यावर एका आजींनी मला अर्धा तास उभं केलं होतं. निकाल लागला नाही.) गौरी येतात तेव्हा कुठे मेथी, कुठे शेपू. पितृपक्षात गवार, कारलं, लाल भोपळा. भोगीला पावटा, गाजर, वांगी, सोलाणा. घरोघर फिरशील तेव्हा हेही विचारून ठेव, दर घराची रीत वेगळी असते.

तारखा मात्र नीट मोज. माझा ठोकताळा होता, आषाढीला भेंडी टोकायची, पन्नासेक दिवसांनी ऋषिपंचमीला कोवळी हाती येते. २०२३ साली अधिक श्रावण होता हे मी विसरलो. आषाढी २९ जूनला, ऋषिपंचमी २० सप्टेंबरला! सण आला तेव्हा झाडं थकली होती, हळद्या रोगानं पानं पिवळी पडली होती. तेव्हापासून पेरणीच्या वहीशेजारी पंचांग असतं. भोगीचं तसं नाही, ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी, जानेवारीच्या १३-१४ लाच येते. तिथून शंभर दिवस मागे ये, म्हणजे गाजर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरायचं. मग दसरा कधी का असेना.

प्रमाणपत्राचं विचारलंयस. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायच्या पद्धतीत, किमान पाच शेतकऱ्यांचा गट करावा लागतो आणि ते एकमेकांची रानं तपासतात. जरूर कर. पण वाईच्या बायकांनी माझ्याकडे कागद कधी मागितला नाही. एकदा घरोघर द्यायची टोपली भरेना म्हणून मी मंडईतली गवार घातली आणि गप्प बसलो. एका वहिनींनी पहिल्या वाफेला वास ओळखला. त्या महिन्यात सहा घरं सुटली, त्यातली दोन अजून परतलेली नाहीत. टोपली अर्धी जाऊ दे, पण आपलीच जाऊ दे.

शेजारचे अण्णा टोमॅटोवर फवारतात, त्यांच्याशी भांडू नकोस. बांधाला शेवरी दाट लाव, फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्यायला सांग आणि ‘विषमुक्त’ची पाटी त्यांच्या बाजूला तोंड करून लावू नकोस. उद्या मोटर जळाली तर पाणी त्यांच्याच विहिरीचं घ्यावं लागणार आहे.

भाव वर्षभर एकच ठेवावा असं माझं मत. काकूला ते पटत नाही. तू आलीस की दोघींनी बसून ठरवा. परभणी क्रांती भेंडीचं बी काढून ठेवलंय, न्यायला पिशवी आण. आणि चाळीस घरांची वही विसरू नकोस.

तुझा,
काका