फॅन्टसी टेबलटॉप गेममध्ये वास्तव किती ठेवावं, म्हणजे मजा जाणार नाही?

तुम्ही लिहिलंय की स्वतःची फॅन्टसी आरपीजी (टेबलाभोवती बसून, फासे टाकत एकेक पात्र निभावायचा खेळ) बनवताय, लढाई खरी वाटावी म्हणून जखमेची जागा, रक्तस्राव, थकवा, सामानाचं वजन असं सगळं घातलंय आणि आता चारपाच गॉब्लिन मारायला दोन तास जातात, तोवर मित्र मोबाइल काढून बसतात. काय कापू आणि काय ठेवू, असं विचारलंय.

मी बऱ्याच वर्षांपासून जीएम (गेम मास्टर) म्हणून खेळ चालवतोय, त्यावरून माझं ठाम मत आहे की जो नियम खेळाडूला काहीतरी ठरवायला लावतो तो ठेवायचा, आणि जो नुसती बेरीज-वजाबाकी करायला लावतो तो काढायचा, मग तो कितीही अचूक असला तरी. नियम खरा आहे की नाही हे त्यानंतर बघा.

ही ओढाताण या छंदाइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) १९७४ मध्ये आलं ते वॉरगेम, म्हणजे टेबलावरच्या लढाया, खेळणाऱ्यांमधून, आणि कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती चालतं या गोष्टीचं त्या मंडळींना मनापासून वेड होतं. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेयर्स हँडबुकमध्ये तर शस्त्र आणि आर्मर क्लास (चिलखताचा आकडा) बघून प्लस-मायनस शोधायचा अख्खा तक्ता आहे. मेहनतीने केलेला आहे, मला तो वाचायला आजही आवडतो, पण कितीतरी ग्रुप तो सरळ सोडून द्यायचे, कारण लढाई सुरू झाल्यावर हातातली तलवार टाकून दुसरं शस्त्र क्वचितच कोणी घेतं, मग तक्ता करतो काय तर फक्त प्रत्येक फाशानंतर टोटल बदलतो.

त्याच वर्षी आलेल्या रूनक्वेस्टमध्ये बघा, वार लागला की वीस बाजूंचा एक फासा टाकून तो कुठे लागला ते ठरतं, आणि हात, पाय, डोकं यांचे हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) वेगवेगळे. फासा एक वाढला, वेळ थोडा जास्त गेला, पण पाय गेला की माणूस खाली पडतो आणि लगेच प्रश्न उभा राहतो की पडल्या पडल्या लढायचं का सरपटत मागे यायचं, आणि शेजारच्याने आपली जागा सोडून त्याला वाचवायला जायचं का. चिलखत घेतानासुद्धा पैसे कमी असतील तर आधी पाय झाकू की डोकं, हे ठरवावं लागतं. म्हणून तुमचा जखमेच्या जागेचा नियम ठेवा.

रक्तस्राव मात्र काढाच. लढाईच्या प्रत्येक राउंडला (फेरीला) प्रत्येक जखमेचा एक एक पॉइंट वजा करत बसायचं यात खेळाडू काहीच ठरवत नाहीये, तो कारकुनी करतोय. त्याऐवजी जखम शब्दांत लिहा, "उजवा खांदा फाटलाय" एवढंच कार्डावर, आणि नियम असा करा की त्या खांद्याने जोर लावायचा असेल तर लावता येईल पण जखम एक पायरी वाढेल. हार्नमास्टर हा खेळ १९८६ पासून एकूण हिट पॉइंट्सशिवाय, निव्वळ जखमांच्या नोंदीवर चालतंय, सो हे होऊ शकतं.

वजनाचं तसंच. डी अँड डीच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) गुणिले पंधरा एवढे पाउंड उचलता येतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर पहिल्या सेशननंतर कोणी पाउंड मोजत नाही. शॅडोडार्क या खेळात (२०२३) सरळ स्लॉट (सामानाचे खण) आहेत, दहा किंवा तुमची स्ट्रेंग्थ, जे जास्त असेल ते, आणि मशाल चालते खऱ्या घड्याळाचा एक तास. आमच्या टेबलवर आम्ही त्यात भर घातली की बेशुद्ध साथीदाराला उचलायचं तर सहा स्लॉट लागतात. एकदा टायमरवर दहाएक मिनिटं उरलेली, क्लेरिक (आमचा पुरोहित) खाली पडलेला, आणि चोर खेळणाऱ्या मैत्रिणीच्या शीटवर चांदीची भांडी. तिने आधी दोर खोडला, मग खाणं खोडलं, मग तेल, प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघत, आणि भांडी काही सोडवेनात, बाकीचे अक्षरशः ओरडत होते. पाउंडात हे सगळं एका वजाबाकीत संपलं असतं. पण तुमचा खेळ चोऱ्या आणि कटकारस्थानांचा असेल तर उलटं करा, ब्लेड्स इन द डार्क या खेळासारखं आधी फक्त हलकं, मध्यम की जड एवढं ठरवायचं आणि वस्तू लागेल तेव्हा "ही माझ्याकडे होती" म्हणायचं. कागदावर ते कमी खरं वाटतं, खेळताना मात्र कॅरेक्टर तयारीचं वाटतं.

एका गोष्टीचा मला खरंच राग येतो. वास्तवाचा सगळा भार फायटरवर, म्हणजे लढवय्या पात्रावर टाकतात! त्याने किती उंच उडी मारावी, किती वेळ धावावं याला नियम, आणि विझर्ड (जादूगार) बोट हलवून उडतो त्याला "जादू आहे ना" म्हणून सूट. तुम्ही थकवा ठेवणार असाल तर मंत्रालाही तोच थकवा लावा. डी अँड डीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ग्रिटी रिअॅलिझम नावाचा पर्याय आहे त्यात हे बरं जमलंय, शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) सात दिवसांची, त्यामुळे जखमाही हळू भरतात आणि मंत्रही हळू परत येतात, आणि आठवडाभर थांबलो तर तोवर शत्रू काय करेल याचा विचार पार्टी (पात्रांची टोळी) आपोआप करायला लागते.

पडण्याचं पण नीट ठरवा. पाचव्या आवृत्तीत दर दहा फुटांना एक सहाचा फासा, जास्तीत जास्त वीस, म्हणजे कितीही उंचावरून पडा, सरासरी नुकसान सत्तरच्या वर जात नाही. शंभरच्या वर हिट पॉइंट्स असलेला फायटर कड्यावरून पडून बहुतेक वेळा कपडे झटकून उठतो. गायगॅक्सने १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की हिट पॉइंट्समध्ये कौशल्य आणि नशीबही धरलेलं आहे, आणि तलवारीच्या वाराला ते पटतं, कड्याला नाही. खाली बघून खेळाडूच्या पोटात गोळा यायला हवा असेल तर एका उंचीनंतर मरणच, असं लिहा, फक्त ते त्याला आधीच माहीत हवं.

हे सगळं बदललं की नियम अशा ग्रुपला द्या ज्यांना तुम्ही तोंडी काही समजावलेलं नाही, आणि बाजूला गप्प बसून बघा. ते एखादा नियम विसरले आणि कोणाचं काही अडलं नाही तर तो काढून टाका. विसरल्यावर कोणीतरी पान उलटून "थांब, इथे काहीतरी होतं ना" असं म्हणालं तर त्याला हात लावू नका.