स्पेनमधल्या ग्रानादात तापास, म्हणजे पेयासोबत येणारे छोटे खाद्यपदार्थ, खरंच फुकट मिळतात का? शाकाहारी माणसाचं निभेल का?

हो, मिळतात. बिअर, वाइन, अगदी साधं कोल्ड्रिंक मागवलं तरी बहुतेक बारमध्ये सोबत एक छोटी बशी येते, तिचे वेगळे पैसे नाहीत. बार्सिलोनात मात्र ही अपेक्षा ठेवू नका.

शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच सांगा: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’, म्हणजे मांस नको, मासे नको, हामोन नको. हामोन म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी. तिचं नाव वेगळं घ्यायचंच, कारण तिकडे बऱ्याच जणांच्या लेखी ती ‘मांसा’त धरतच नाहीत. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार, दाट सूप निर्धास्त मागवाल आणि वर हामोनचे बारीक तुकडे दिसतील! त्यापेक्षा ‘बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या’ घ्या. वांग्याचे कुरकुरीत काप, वर काळसर काकवीची धार. खारट-गोड अशी ती चव मला फार आवडते. गरमागरमच खा, गार झाले की काप मऊ पडतात.