रजिस्टरात नोंद नाही म्हणजे देवाचा नकार नव्हे (जरा लांब आहे, सांभाळून घे)

तुझी पोस्ट दोनदा वाचली. कराडचा पोरगा, बीकॉमचं शेवटचं वर्ष, कॅथलिक फादर व्हायचंय, घरचा विरोध, आणि चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही म्हणून विचारतोयस की देवालाच नको असेल का. अरे, मी सांगलीवाडीचा, फादर म्हणून दीक्षा होऊन नऊ वर्षं झाली, आणि हेच वाक्य मी आईला म्हटलं होतं कुपवाड एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून घरी आल्यावर.

प्रार्थना कर, तुमच्या फादरांशी बोल वगैरे सांगत बसत नाही, ते तू करतच असशील.

माझा बाप्तिस्म्याचा दाखला 2005 च्या पुरात गेला. तसाही जुना दाखला चालत नाहीच, नवा काढावा लागतो, कारण मूळ रजिस्टरात नावाशेजारच्या समासात पुढचं सगळं चढवलेलं असतं, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालं का, लग्न झालंय का, आणि सेमिनरीला, म्हणजे फादर घडवणाऱ्या संस्थेला, तेच बघायचं असतं. माझा बाप्तिस्मा आईच्या माहेरी झालेला. तिथल्या ऑफिसात (नाव घेत नाही, आता माणसंही बदललीत) तीन वेळा गेलो. दर वेळी एसटीनं अर्धा दिवस, दर वेळी बाई रजेवर नाहीतर किल्ली फादरांकडे. तिसऱ्यांदा रजिस्टर उघडलं, दोन पानं उलटली, "नोंद नाही" म्हणून मिटलं. एवढंच. पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, आणि चूक इथंच झाली. मी ते उत्तर देवाचं समजलो, आणि दीड वर्ष कंपनीत पार्ट मोजत बसलो.

नोंद होती रे! मी शाळेतलं नाव आणि जन्मतारीख सांगत होतो. रजिस्टरात नाव फ्रान्सिस, आणि बाप्तिस्मा जन्मानंतर आठ महिन्यांनी, नाताळात. आजीला एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. आपल्याकडे कितीतरी घरांत चर्चमध्ये एक नाव आणि शाळेत दुसरं असतं, 1950 च्या आदेशानं ख्रिस्ती माणसाच्या अनुसूचित जातीच्या सवलती जातात, मग बाप शाळेत काय लिहील ते तूच सांग. तुझ्या घरचा विरोध त्यातला असेल तर धाकट्या भावंडांच्या जातीच्या दाखल्यांचं आधी वकिलाला विचार, मी वकील नाही.

आणि समजा खरंच नोंद नसली, तरी रस्ता आहे. चर्चच्या कायद्यात कलम 876 आहे, कुणाचं नुकसान होत नसेल तर बाप्तिस्मा झाल्याची एका विश्वासू साक्षीदाराची साक्षही पुरते. हे मला कळलं थेट सेमिनरीत गेल्यावर, इतका संताप आला होता. अर्थात शेवटचा शब्द धर्मप्रांताच्या (एका बिशपांच्या हाताखालच्या विभागाच्या) ऑफिसचा, आपलं सातारा-सांगली पुण्यात येतं, लेखी अर्ज तिकडंच कर आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

अजून एक, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. इंग्रजी आत्तापासून सुधार. मी मराठी मीडियमचा, पुण्यात तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी ॲरिस्टॉटल ऐकताना नुसता मान हलवायचो. वर्षं मोजत बसू नकोस, तत्त्वज्ञान, मध्ये एक वर्ष कुठंतरी काम, मग ईशज्ञान (धर्मशास्त्राचा अभ्यास), आधी डीकन, नंतर किमान सहा महिन्यांनी फादर, आणि पंचविशीच्या आत तर फादरची दीक्षा सहसा मिळत नाही, त्यामुळे तुझं काही हुकलेलं नाही. धर्मप्रांताचा फादर व्हायचं की येशूसंघासारख्या (जेझुइट) व्रतं घेणाऱ्या संघात जायचं हे मात्र नीट बघ. आम्ही धर्मप्रांताचे फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाही, ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञेत राहायचं वचन देतो. ऐकायला सोपं वाटतं, पण माणसं ओळखीची होतात न होतात तोच बदलीचं पत्र येतं.

लोकांना वाटतं मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की फादर मोकळे. गळका पत्रा, लाइट बिल, रात्री दोनला मिरजेच्या हॉस्पिटलातून फोन की पवित्र तेल लावून प्रार्थना करायला या, पेशंट जातोय. ते जमतं, माणूस उठतो आणि गाडी काढतो. मला जड जाते ती रविवारची संध्याकाळ, सगळे आपापल्या घरी गेलेले आणि मी सकाळची आमटी गरम करतोय. हे माझं झालं, सगळ्यांना असं होतंच असं नाही, आणि मला परत निवडायचं झालं तर हेच निवडीन.

तर, तू लिहिलंयस आत्या विट्याला असते आणि बाप्तिस्म्याला तीच तुझी धर्ममाता (गॉडमदर) होती. मग इथं काय विचारत बसलायस, रविवारी मिस्सा झाली की विट्याची गाडी पकड. तिला तीनच गोष्टी विचार, कुठलं चर्च, कुठला सण, आणि फादरांनी डोक्यावर पाणी घालताना नाव कुठलं घेतलं.