खिशातली व्हेप आणि ग्रुपवरचा मेसेज

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत नोकरी करतो. दुबईहून आलेल्या मावसभावाने तीन व्हेप (ई-सिगारेट) आणल्या. एक मी वापरतो, एक घरी कपाटात सीलबंद आहे. तिसरी ऑफिसातल्या मित्राला आणल्या किमतीत, 1,800 रुपयांना दिली आणि पैसे यूपीआयने घेतले. त्याआधी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘एक जास्तीची आहे, कुणाला हवी?’ असं विचारलं होतं. शनिवारी रात्री नाकाबंदीत एका हवालदाराने खिशातली व्हेप काढून घेतली, पावती दिली नाही, एका कोऱ्या कागदावर सही घेतली आणि ‘दोन दिवसांनी चौकीत ये, वीस हजारांत मिटवू, नाहीतर वर्षभर आत जाशील’ असं सांगितलं. मी अजून गेलेलो नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर सिगारेट राजरोस मिळते आणि ही नुसती जवळ ठेवली तर तुरुंग? सरकारला असं करता येतं का? कोर्टात आव्हान द्यावं का? आणि ग्रुपवरचं सगळं डिलीट करू का? – अ. कु., पुणे

उत्तर : आधी तातडीचं. ग्रुपवरचं काहीही डिलीट करू नका, वीस हजार देऊ नका आणि चौकीत एकटे जाऊ नका. कारणं ओघात येतील.

तुमचा सगळा संताप खिशातल्या व्हेपपायी आहे. मला काळजी वाटते ती तुम्ही दोन वाक्यांत उरकलेल्या तिसऱ्या व्हेपची. तरी सुरुवात पहिलीपासून करतो, कारण तिथे तुमची बाजू बरीच भक्कम आहे.

ई-सिगारेटबंदीचा अध्यादेश 18 सप्टेंबर 2019 ला निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. या कायद्याचं नाव इतकं लांबलचक आहे की ते पूर्ण वाचलं तरी अर्धं उत्तर हाती लागतं. उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांना मनाई. या यादीत ‘वापर’ नाही आणि ‘जवळ बाळगणं’ही नाही. हे अनवधानाने राहिलं असं म्हणता येत नाही. मुंबई दारूबंदी कायद्यात किंवा अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात बाळगणं आणि सेवन करणं यांचा वेगळा, स्पष्ट उल्लेख आहे. संसदेला ते शब्द ठाऊक होते. 2019 मध्ये तिने ते वापरले नाहीत.

कलम 4 व्यवहारांना बंदी घालतं. त्याची शिक्षा कलम 7 मध्ये आहे : पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम 5 साठ्याबद्दल आहे आणि तिथे सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही, अशी कमाल मर्यादा आहे. ‘माझ्या व्हेपमध्ये निकोटीनच नाही’ असा बचाव घेऊन बरेच जण येतात. त्याचा उपयोग शून्य. व्याख्येतच निकोटीन असो वा नसो असं म्हटलंय, आणि ई-हुक्काही त्यात धरलाय.

मग हवालदार कशाच्या जोरावर बोलला? पोलीस अशा वेळी ‘वाहतूक’ या शब्दाचा आधार घेतात : खिशात होती, तुम्ही रस्त्यावर होता, म्हणजे वाहतूक झाली. हा अर्थ ताणलेला आहे. फौजदारी कायद्यातला शब्द काटेकोर वाचायचा असतो आणि तो शेजारच्या शब्दांच्या संगतीत वाचायचा असतो. उत्पादन, आयात, विक्री, वितरण यांच्या रांगेतली वाहतूक म्हणजे मालाची ने-आण. स्वतः ओढण्यासाठी खिशात ठेवलेली एक उघडलेली व्हेप म्हणजे माल नव्हे. तसंच ‘साठा’ म्हणजे कपाटातली एक डबी नव्हे, असंही मी कोर्टात ठामपणे मांडेन. पण हा युक्तिवाद आहे, हमी नाही. खिशात एकाऐवजी आठ सीलबंद डब्या असत्या तर मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो.

2023 साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात’ ई-सिगारेट बाळगणं हे कायद्याचं उल्लंघन आहे अशी भूमिका घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्याची कात्रणं अजून फिरतात आणि चौकीत तुम्हाला बहुधा तीच दाखवतील. मंत्रालयाने कायद्याचा अर्थ सांगावा, त्याला मनाई नाही. पण संसदेने जो गुन्हा लिहिला नाही तो मंत्रालयाच्या खुलाशाने तयार होत नाही. माझ्या मते सरकारच्या अधिकाराची सीमा इथे आहे, टपरीवरच्या सिगारेटशी तुलना करण्यात नाही.

ही सीमा आपल्याच राज्यात किती वेळा तपासली गेलीय ते पाहा. महाराष्ट्राने 2002 मध्ये अन्न-आरोग्य अधिकाऱ्याच्या अधिसूचनेने पाच वर्षांसाठी गुटखा बंद केला. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये गोदावत पानमसाला खटल्यात ती अधिसूचना रद्द केली. गुटखा चांगला असतो असं न्यायालय म्हणालं नाही. ज्या कलमाखाली ती काढली त्यातला अधिकार स्थानिक, तात्पुरत्या आणीबाणीपुरता आहे, कायमच्या धोरणासाठी नाही, असं म्हणालं. पुढे 2012 मध्ये नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली बंदी परत आली. हुक्क्याचंही तेच. मुंबई महापालिकेने उपाहारगृहांच्या परवान्यात अट घालून हुक्का बंद केला, ती अट 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. कमला मिलच्या आगीनंतर 2018 मध्ये विधिमंडळाने तंबाखू नियंत्रण कायद्यातच दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. ई-सिगारेटची कथा वेगळी नाही. 2018 मध्ये केंद्राने राज्यांना नुसती सूचना पाठवली. त्यावर औषध नियंत्रण यंत्रणेने काढलेल्या परिपत्रकाला दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगिती दिली, कारण ही वस्तू ‘औषध’ ठरते हेच न्यायालयाला प्रथमदर्शनी पटलं नाही. सहा महिन्यांत अध्यादेश आला.

म्हणून ‘सरकार हे करू शकतं का’ याचं उत्तर : कायदा करून बरंच काही करू शकतं, परिपत्रक, परवान्याची अट किंवा खुलासा काढून फार थोडं. आता इथे कायदा झालेला आहे. सिगारेट चालू आणि व्हेप बंद, ही विसंगती मलाही खटकते. पण एक घातक वस्तू बंद केली म्हणून दुसरीही बंद केलीच पाहिजे, नाहीतर पहिली बंदी रद्द, असा युक्तिवाद घटनेच्या कलम 14 खाली, म्हणजे समानतेच्या हक्काखाली, सहसा टिकत नाही. नवी वस्तू तरुणांत पसरण्याआधीच रोखली, असं सरकार म्हणतं. असा धोरणात्मक निर्णय न्यायालयं सहजी फिरवत नाहीत. शिवाय व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा विक्रेत्याचा आहे, आणि तुम्ही स्वतःला विक्रेता म्हणवून घ्यावं अशी माझी मुळीच इच्छा नाही.

तुमच्या उपयोगाचा निकाल वेगळा आहे. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राणी संरक्षण कायद्यातलं, परराज्यात कत्तल झालेल्या गोवंशाचं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणूस घरात काय खातो यात डोकावणं हा खासगीपणावर घाला आहे, असं न्यायालय म्हणालं. दुसऱ्या एका कलमात ‘बाळगणं’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणं, असा अर्थ लावला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे, हे लक्षात ठेवा. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवल्यावर हा युक्तिवाद आणखी बळकट झाला. पण तो तुमच्यावर गुन्हा दाखल झाला तर वापरायचा, गुन्हा रद्द करण्याच्या अर्जात. आज स्वतःहून उच्च न्यायालयात रिट याचिका करायला निघालात तर पहिल्याच परिच्छेदात ‘माझ्याकडे तीन व्हेप होत्या’ असं शपथेवर लिहावं लागेल.

आता नाकाबंदी. या कायद्याखाली झडती आणि जप्तीचा अधिकार ‘प्राधिकृत अधिकाऱ्या’ला आहे, आणि तो उपनिरीक्षकाच्या खालचा नसावा लागतो. कलम 6 चा रोखही व्यापार, साठा, वाहतूक चालते अशा जागांवर आहे. हवालदाराने कदाचित संशयित वस्तू म्हणून सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली जप्ती केली असं सांगितलं जाईल. ठीक आहे, पण तसं असलं तर त्याने ताबडतोब ठाणे अंमलदाराला कळवायला हवं होतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्तीची यादी, साक्षीदारांच्या सह्या आणि सगळ्या प्रक्रियेचं दृक्श्राव्य चित्रण व्हायला हवं. तुमच्या बाबतीत पंच नाहीत, यादी नाही, चित्रण नाही. तरी ‘झडती बेकायदा, म्हणून केस संपली’ असं समजू नका. आपल्याकडे झडतीतल्या दोषाने पुरावा आपोआप बाद होत नाही, त्याचं वजन कमी होतं.

कोऱ्या कागदावरची सही मला जास्त खुपते. तपासात पोलिसांना दिलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण त्या कागदाचा उद्या जप्तीचा पंचनामा होऊ शकतो. वकिलामार्फत वरिष्ठ निरीक्षकांना लेखी कळवून ठेवा : अमुक तारखेला, अमुक ठिकाणी कोऱ्या कागदावर सही घेतली, पावती दिली नाही. या पत्रात तुमच्याकडे काय होतं, कुठून आलं, याचा एक शब्दही लिहू नका. आणि मसुदा वकिलालाच करू द्या. रागात लिहिलेली तक्रार पुष्कळदा फिर्यादीचीच सोय करते.

‘वर्षभर आत’ ही धमकी आहे. एक वर्ष ही खटला चालून दोषी ठरल्यावरची कमाल शिक्षा. कलम 4 चा गुन्हा दखलपात्र आहे हे खरं, पण पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करता येत नाही, आधी हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्णेशकुमार निकालात हे बजावलंय. तोंडी ‘ये’ म्हणजे नोटीस नव्हे. लेखी नोटीस आली तर मात्र न चुकता, वकिलाला बरोबर घेऊन हजर राहा. ती डावलली तर अटकेचं कारण तुम्हीच पुरवलं असं होतं.

वीस हजारांबद्दल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच संरक्षण मिळतं. पुन्हा फोन आला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. तिथे जायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण पैसे देऊन हे मिटेल असं गृहीत धरू नका. ज्याच्याकडे तुमची सही आहे तो पुढच्या महिन्यातही फोन करू शकतो.

आणि आता तिसरी व्हेप. ‘नफा घेतला नाही, मित्राला दिली’ असं तुम्ही लिहिता. कायद्यातली विक्रीची व्याख्या नफ्याचा विचारच करत नाही. रोख असो, उधार असो, अदलाबदल असो, घाऊक असो की किरकोळ, मालकी एकाकडून दुसऱ्याकडे गेली की विक्री. विक्रीची तयारी दाखवणं हीसुद्धा विक्रीच. म्हणजे ‘कुणाला हवी?’ हा ग्रुपवरचा मेसेजही त्यात ओढता येतो, आणि यूपीआयची नोंद तर बँकेकडेच आहे. फुकट दिली असती तरी फार फरक पडला नसता, कारण वितरणात मोफत नमुनेसुद्धा धरले आहेत. मंत्रालयाला आणि हवालदाराला कायद्याच्या शब्दांत बांधायचं, तर ते शब्द तुम्हालाही लागू होतात. खिशातली व्हेप हे वादाचं प्रकरण आहे; तिसरी हे, पुरावा पोलिसांच्या हाती लागला तर, सरळ कलम 4 चं प्रकरण आहे.

तरीही मेसेज पुसू नका. पुसलेला मेसेज ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या मोबाईलमध्ये राहू शकतो, आणि पुरावा नष्ट करणं हा न्याय संहितेत (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) वेगळा गुन्हा आहे. जामीनपात्र प्रकरणाला आणखी एक कलम जोडून घेण्यात शहाणपण नाही. मित्राशी यावर चॅटवर बोलू नका, त्याला काय सांगायचं ते शिकवू नका. कपाटातली सीलबंद व्हेप कुणाला देऊ नका, विकू नका, भावाकडे परत पाठवू नका. यातली प्रत्येक गोष्ट नवा व्यवहार आहे. तिचं काय करायचं हे नोटीस येते की नाही ते पाहून वकील ठरवेल. चौकशीत मोबाईल मागितला तर लेखी मागणी आणि जप्तीची पावती मागा, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसल्याचा घटनेच्या कलम 20 मधला हक्क वकिलाशी बोलूनच वापरा.

ऑफिसच्या गच्चीवर ओढण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तंबाखू कायद्यातला दोनशे रुपयांचा दंड तंबाखूच्या धूम्रपानाला आहे आणि व्हेपला तो लागतो का यावर वाद घालता येईल. कंपनीची शिस्त मात्र त्या वादाची वाट पाहत नाही.

शेवटचं मावसभावाबद्दल. आयात म्हणजे व्यापारी आयातच असं या कायद्यात लिहिलेलं नाही. बॅगेतून आणलेली व्हेपही त्यात येते आणि सीमाशुल्क कायद्याखाली ती जप्त होऊन दंड बसू शकतो. पुढच्या वेळी विमानतळावर त्याला थांबवलं तर एक फरक त्याला आधीच सांगून ठेवा : सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे कलम 108 खाली दिलेला जबाब पोलिसांपुढच्या जबाबासारखा निरुपयोगी नसतो, तो पुराव्यात वाचला जातो. तिथे ‘भावासाठी आणि त्याच्या मित्रांसाठी आणल्या’ असं त्याने भोळेपणाने लिहून दिलं, तर ते तुमच्याही फाईलला येऊन लागेल.