अमेरिकेत कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या राबूनही आर्थिकदृष्ट्या मागे का राहिल्या?

कष्टात कसूर नव्हती, कायद्यातच मेख होती. म्हातारपणी पेन्शन देणाऱ्या १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेत घरकाम म्हणजे बहुतेक कृष्णवर्णीय बायकाच. जन्मभर दुसऱ्यांची धुणी धुवायची, मुलं सांभाळायची, म्हातारपणी पेन्शन मात्र नाही! ते दार १९५० पासून किलकिलं झालं. केंद्राच्या किमान वेतनासाठी १९७४ उजाडलं.

तेही आपसूक नाही. अटलांटात स्वतः घरकाम करणाऱ्या डोरोथी बोल्डेन यांनी १९६८ मध्ये घरकामगारांची संघटना उभारली. कामावर जाणाऱ्या बायकांना त्या बसमध्येच गाठून पगाराचा विषय काढायच्या. सभासद व्हायचं तर मतदार म्हणून नोंदणी हवीच, ही त्यांची अट मला सगळ्यात हुशारीची वाटते. मालकीण ऐको न ऐको, मतं मागायला येणाऱ्याला ऐकावंच लागायचं.