नुकतीच नोकरी लागलीय, अमेरिकेत 60-70 च्या दशकातली मसल कार (मोठ्या, ताकदवान इंजिनाची अमेरिकन गाडी) परवडेल का?

परवडेल, पण 1969 ची कॅमेरो एसएस किंवा 68-70 ची चार्जर आर/टी आधी डोक्यातून काढ, त्यांचे भाव पगारदार पोराच्या हातात राहिलेले नाहीत. त्यापेक्षा त्याच काळातली, लहान इंजिनाची म्हणजे सहा सिलिंडरची मस्टँग कूपे (दोन दारांची), डॉज डार्ट, फोर्ड मॅव्हरिक नाहीतर सरळ चार दारांचं मॉडेल बघ, चार दारं म्हटलं की लोक नाक मुरडतात म्हणूनच ती स्वस्तात मिळतात आणि खरंच सांगतो, चालवताना मजा तेवढीच येते. इंजिनला घाबरू नकोस, कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग), पॉइंट्स (स्पार्कची वेळ साधणारा भाग) वगैरे घरी शिकून करता येतं, मस्टँगचे तर नव्याने बनवलेले पार्ट आजही सहज मिळतात.

घाबरायचं ते गंजाला! मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात खालचा पत्रा सडतो आणि वरून नवा रंग मारला की काही कळत नाही, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून फ्लोअर आणि फ्रेम रेल (गाडीचा भार पेलणारे खालचे लांब पत्रे) बघितल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही. जमलं तर ॲरिझोनाकडची, कोरड्या हवेतली शोध.

आणि इन्शुरन्सचं आधीच विचारून घे, क्लासिक पॉलिसी (जुन्या, हौसेच्या गाड्यांसाठीची) बरीच स्वस्त पडते पण रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का हे बहुतेक विचारतातच आणि 25 च्या आतल्यांना द्यायला बरेच जण का-कू करतात.