मागचाच टायर आधी का जातो? – वाचकांचे प्रश्न, ईव्ही टायर विशेष

पाऊस तोंडावर आला की टायरचे प्रश्न यायला लागतात, यंदा त्यातले बरेचसे इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचे आहेत. ठाणे-नवी मुंबईकडचे तेवढे एकत्र घेतलेत, रस्ते तेच आणि खड्डेही तेच, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कामी येईल.

प्रश्न (कासारवडवली): दादा, माझी इलेक्ट्रिक मोटरसायकल आहे, रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा करत रबाळे एमआयडीसीत जातो. मागचा टायर १२०/८०-१७ आहे, तो मधोमध पार गुळगुळीत झालाय आणि पुढचा अजून नवाच वाटतोय. आधीच्या पेट्रोल गाडीचा टायर याच्या दुप्पट तरी चालला होता. दुकानदार म्हणतो १४०/७०-१७ टाक, रुंद आहे, जास्त टिकेल आणि गाडी दिसेल पण भारी. टाकू का?

उत्तर: नको टाकूस. आधी मागचाच का गेला ते बघू, मग नवा कुठला ते आपोआप कळेल.

इलेक्ट्रिक मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते, पेट्रोल गाडीसारखं क्लच सोड, रेस दे, मग हळूहळू ताकद येणार असं काही नसतं. सिग्नल सुटला की मूठ पिळली आणि तो सगळा जोर एकदम मागच्या टायरच्या मधल्या पट्ट्यावर. त्यात बॅटरीचं वजन. आणि तिसरी गोष्ट, जी लोकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे रीजन. मूठ सोडली की गाडी आपोआप हळू होते ना, ते ब्रेकिंग मोटर करते, आणि मोटर मागच्या चाकाला जोडलेली, म्हणजे पळवायचं पण मागच्यानेच आणि थांबवायचं पण मागच्यानेच. रीजनची सवय लागली की माणूस पुढच्या ब्रेकला हातच लावत नाही. तुझा पुढचा टायर नवा का दिसतो त्याचं उत्तर यातच आहे.

वर तुझा रस्ता. ठाणे-बेलापूर रोड सरळसोट, गाडी वाकतच नाही, मग रबर मधलंच झिजणार आणि टायरची गोलाई जाऊन तो मध्ये चपटा होणार. असा चपटा टायर वळणावर गाडी टाकताना कडेवर अडखळल्यासारखा वाटतो, गायमुखच्या घाटात गेलास तर कळेल. काँक्रीटचे रस्ते तर आणखी खातात, त्यावर ग्रिपसाठी मुद्दाम रेघा मारलेल्या असतात आणि त्या रबर खरवडत राहतात.

आता साइज. १२०/८०-१७ म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे ९६, आणि रिम १७ इंची. १४०/७०-१७ ची उंची येते ९८. म्हणजे चाकाचा व्यास जवळपास तोच, म्हणूनच दुकानदार म्हणतो "बसेल साहेब". पण रुंदी २० मिलिमीटर जास्त. तुझी रिम १२० साठी बनलेली, तिच्यावर १४० चढवला की टायर दोन्ही बाजूंनी चिमटला जातो आणि मध्ये उंच टेकाड येतं, रस्त्याला टेकणारा भाग उलट कमीसुद्धा होऊ शकतो, म्हणजे मधलंच रबर अजून लवकर जाणार. चेन किंवा बेल्टला घासायची भीती वेगळी, मडगार्डला चिखल अडकायची वेगळी, आणि जास्तीच्या वजनाने रेंज थोडी खाल्ली जाईल ती वेगळीच. दिसायला भारी म्हणशील तर हो, दिसेल.

तेव्हा कंपनीने दिलाय तोच साइज घे, आणि साइजच्या पुढचे आकडे पण वाच. समज ६१पी लिहिलंय, तर ६१ म्हणजे तो टायर २५७ किलो वजन पेलतो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा. हे दोन्ही जुन्या टायरवर आहेत तेवढे किंवा वर चालतील, खाली अजिबात नाही, कारण साइज तोच पण वजन कमी पेलणारा स्वस्तातला टायर बाजारात सर्रास मिळतो आणि ईव्हीला नेमका तोच महागात पडतो. जुना रेडियल असेल (साइजमध्ये १७ च्या आधी आर असतो) तर रेडियलच घे, पुढे एक जातीचा आणि मागे दुसऱ्या जातीचा असं कंपनीने स्वतः दिलं असेल तरच ठेव. बाजूला बाण असतो फिरण्याच्या दिशेचा, तो बरोबर बसवलाय का हे पैसे द्यायच्या आधी बघ, नंतर कोणी परत उघडत नाही.

बसवल्यावर अजून एक. मागचं चाक परत लावताना चेन-बेल्टच्या ताणासाठी ते पुढे-मागे सरकवावं लागतं, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) दोन्ही बाजूंना त्यासाठी खुणा असतात. डावीकडे तिसऱ्या खुणेवर असेल तर उजवीकडेही तिसऱ्याच हवं. घाईत एक बाजू पुढे राहिली की चाक तिरकं चालतं आणि नवा टायर एकाच बाजूने झिजतो, मग दोष कंपनीचा निघतो.

आणि सवयीचं सांगायचं तर सिग्नलला सगळ्यात आधी सुटायची शर्यत सोड, शहरात इको मोड ठेव, आणि पुढचा ब्रेक वापर. त्याने टायर वाचेल आणि पुढची डिस्क गंजून कुरकुर करणार नाही तो फायदा वेगळा.

प्रश्न (घणसोली): बाजारात आता "ईव्ही टायर" म्हणून वेगळे मिळतात, महाग आहेत. घ्यावे का? आणि मित्राने नवीन टायर टाकल्यावर रेंज कमी झाली म्हणतो, असं होतं का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, तो जास्त मजेशीर आहे. हो, होतं, आणि त्यातला थोडा भाग निव्वळ गणिताचा आहे. नव्या टायरची नक्षी खोल असते, त्या रबराच्या गोट्या रस्त्यावर दबतात-उसळतात, त्यात ऊर्जा जाते. झिजलेला टायर त्या मानाने सोपा घरंगळतो, म्हणजे टक्कल पडलेल्या टायरवर रेंज सगळ्यात छान मिळत असते, फक्त थांबायची वेळ आली की वांधे. आणि गणित असं की पाच मिलिमीटर रबर झिजलं तर चाकाचा व्यास दहा मिलिमीटरने कमी होतो, १७ इंची चाकाला हा साधारण दीड टक्का. छोटं चाक तेवढ्याच अंतरात जास्त फिरतं, मीटर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे जुन्या टायरवर तो किलोमीटर जरा जास्तच दाखवत होता. नवा टाकला की मीटर खरं बोलायला लागतो आणि मालकाला वाटतं रेंज पडली! खरंच खूप पडली असेल तर मात्र हवा बघा आणि ब्रेक चिकटतोय का बघा, चाक उचलून हाताने फिरवलं की कळतं.

आता ईव्ही टायर. सीएट, टीव्हीएस युरोग्रिप वगैरेंचे खास ईव्ही दुचाकीचे टायर आहेत. या प्रकारच्या टायरमध्ये बाजूचा सांगाडा वजनासाठी मजबूत करतात, रबराचं मिश्रण कमी ओढ घेईल असं ठेवतात, आणि आवाजाचंही बघतात कारण इंजिनच नाही तर टायरची घूं-घूं जास्त ऐकू येते. तुमच्या साइजमध्ये, योग्य वजन-आकड्यासह मिळत असेल आणि फरक आवाक्यातला असेल तर घ्या. नसेल मिळत तर चांगल्या कंपनीचा साधा टायर, आकडे बरोबर असलेला, बिनधास्त टाका. गाडीला पेट्रोल लागतं की वीज हे टायरला कळत नाही, त्याला फक्त वजन आणि जोर कळतो. रेसिंगवाल्यांचा मऊ टायर मात्र रोजच्या ऑफिसला टाकू नका, चिकटतो मस्त, पण रेंजही खातो आणि स्वतःही लवकर संपतो.

प्रश्न (नेरुळ): माझी इलेक्ट्रिक स्कूटर आहे, मोटर मागच्या चाकातच आहे. पंक्चर झालं तर आमच्या इथले दोन पंक्चरवाले "मॅडम, हे चाक आम्ही नाही काढत" म्हणाले. दर वेळी सर्व्हिस सेंटरला टो करून न्यायची का?

उत्तर: नाही हो ताई. टायर ट्यूबलेस असेल तर साध्या खिळ्याच्या पंक्चरला चाक काढावंच लागत नाही. गाडी मेन स्टँडवर, बंद करून चावी तुमच्याकडे, चाक हाताने फिरवून खिळा शोधायचा, उपटायचा, भोक सुईने साफ करायचं आणि चिकट दोरी भरायची, झालं. पंक्चरवाल्याला आधीच सांगा की चाक उघडायचं नाहीये, म्हणजे तो तयार होतो. फक्त भोक नक्षीच्या भागात हवं, बाजूच्या भिंतीला चीर असेल तर ती दोरीने धरत नाही, तिथे टायरच बदलायचा.

टायर बदलताना मात्र तो म्हणतो ते बरोबर आहे आणि उगाच कोणाला गळ घालू नका. चाकात मोटर असली की चाक चांगलंच जड असतं आणि त्याच्या दांड्यातून जाडजूड केबल बाहेर येते. लोक नट काढतात आणि चाक खाली सोडतात, ते केबलवर लोंबतं, आत एखादी बारीक वायर तुटते आणि मग गाडी कधी चालते कधी नाही. म्हणून आधी कनेक्टर सोडवायचा, मग चाक. वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, त्यातला एक खाचेत बसणारा वॉशर दांड्याला फिरू देत नाही, तो उलटा बसला किंवा नट ढिला राहिला तर मोटरच्या जोराने दांडाच फिरतो आणि केबल पिळून निघते. टायर सोडवायच्या मशीनवरही असं चाक नेहमीच्या पद्धतीने बसत नाही. हे काम रोज करणाराच माणूस बघा, टायर बाहेरून स्वस्तात घेतला तरी बसवायला कंपनीच्या माणसाकडे न्या.

प्रश्न (कळवा): हवा किती आणि किती दिवसांनी भरायची? नायट्रोजन भरावा का?

उत्तर: मला विचाराल तर ईव्हीवाल्यांचे टायर लवकर जाण्यामागचं निम्मं कारण इथेच आहे. पेट्रोल गाडी होती तेव्हा पंपावर जाणं व्हायचंच, टाकी भरली की बाजूलाच हवा असायची, "जरा चेक कर रे" म्हटलं की झालं. आता चार्जिंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पंपाचं तोंड बघायचं कारणच नाही, आणि महिनोन्‌महिने हवा कोणी बघत नाही. ट्यूबलेस टायर फसवा असतो, हवा दहा पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) उतरली तरी बघून कळत नाही. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, तापतो, बाजूला चिरा पडतात, रेंज उतरते आणि खड्ड्यात रिमला फटका बसतो.

पंधरा दिवसांनी एकदा बघा, सकाळी, गाडी चालवायच्या आधी. गाडी चालली की टायर तापतो आणि आकडा चढतो, दहा अंशाला साधारण दीड पीएसआय धरा. गरम टायरला हवा जास्त आहे म्हणून सोडून देऊ नका. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात आहे, टायरच्या भिंतीवर जो मोठा आकडा असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो, ही गल्लत फार होते. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो. एक बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन ठेवा, पंक्चरवाल्याच्या घड्याळाचा काटा कुठे थांबेल ते त्याला पण माहीत नसतं. नायट्रोजन फुकट असेल तर घ्या, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

प्रश्न (सानपाडा): मागच्या पावसाळ्यात पामबीचच्या सिग्नलला पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी सटकली, ब्रेक पण दाबला नव्हता. टायरमध्ये खोट आहे का?

उत्तर: ब्रेक दाबला नव्हता, मूठ सोडली होती ना? तोच ब्रेक. रीजन जास्तवर असेल तर ओल्या रंगावर, लोखंडी झाकणांवर, मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या पत्र्यांवर मागचं चाक तेवढ्यानेही घसरतं. गाडीत रीजनची पातळी बदलता येत असेल तर पावसात कमी ठेवा आणि मूठ एकदम न सोडता हळू सोडा. रेन मोड असेल तर तो काय शोभेला नाहीये, वापरा.

टायरही बघा. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, बाजूला टीडब्ल्यूआय (झिजेची खूण) अशी अक्षरं किंवा त्रिकोण असतो त्याच्या रेषेत शोधा. नक्षी झिजून त्या उंचवट्याला लागली की टायर संपला. पण विटाव्याच्या पुलाखालून पाण्यातून जाणाऱ्यांनी तिथपर्यंत थांबू नये, खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही. बदलायचाच असेल तर मे महिन्यात बदला, कारण नवा टायरही सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर निसरडा असतो, त्याची ती चकाकी कोरड्या रस्त्यावर जाऊ द्या. आणि गाडी धुणारा टायरला काळं पॉलिश मारत असेल तर त्याला सांगा भिंतीला मार बाबा, नक्षीला नको.

प्रश्न (ठाणे, नौपाडा): ऑनलाइन सेलमध्ये टायर खूप स्वस्त आहे. घ्यावा का?

उत्तर: तारीख बघून. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, ०८२४ म्हणजे २०२४ सालचा आठवा आठवडा. आयएसआय मार्क आहे का तेही बघा. सहा-आठ महिने जुना असेल तर काही बिघडत नाही, दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला असेल तर स्वस्त का आहे ते कळलंच. ऑनलाइनवाले फोटोत तारीख दाखवत नाहीत, म्हणून आल्यावर आधी तारीख वाचा, मग बसवायला न्या, एकदा रिमवर चढला की परत घेत नाहीत. बिल जपून ठेवा, पोटाला फुगवटा वगैरे निघाला तर वॉरंटीत बिलच विचारतात, आणि उरलेल्या नक्षीच्या हिशोबानेच पैसे वळते होतात.